टाउन हॉल : वास्तुशैली आणि नागरी सभा यांच्या नात्याची चिकित्सा
(मुंबई व कोल्हापूर येथील दोन वास्तूंच्या विशेष संदर्भात)

सारांश : महाराष्ट्रातील टाउन हॉलविषयीचे मराठी लेखन प्रामुख्याने वास्तुशैलीच्या वर्णनापुरते मर्यादित राहिले आहे. प्रस्तुत लेखात मुंबईचा टाउन हॉल (१८३३) आणि कोल्हापूरचा टाउन हॉल (१८७२-७६) या दोन वास्तूंचा विचार शैलीबरोबरच नागरी सभेच्या निकषावर केला आहे. इंग्लंडमध्ये टाउन हॉल व निर्वाचित नगरसंस्था यांचा जो संबंध जुळून आला, तो आपल्याकडे त्या वास्तूंच्या बाबतीत जुळला नाही. आपल्या सार्वजनिक चर्चेने विद्यालये, वृत्तपत्रे व देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थांमध्ये आपली जागा शोधली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : टाउन हॉल, नवअभिजात शैली, नवगॉथिक शैली, नागरी सभा, स्थानिक स्वराज्य.

१. प्रास्ताविक

‘टाउन हॉल’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचे भाषांतर करण्याची गरज कोणाला भासत नाही. ‘नगरभवन’, ‘नगरसभागृह’ हे पर्याय कागदोपत्री वापरले गेले. लोकांच्या तोंडी मात्र टाउन हॉलच राहिला. शब्द जसाच्या तसा आला तेव्हा त्यामागील संस्थाही आली का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या वास्तूंविषयी दोन प्रकारची मते आढळतात. एका मतानुसार त्या इंग्रजांनी दिलेल्या नागरी संस्कृतीच्या खुणा होत. दुसऱ्या मतानुसार त्या परक्या सत्तेने आपल्या भूमीवर उमटवलेल्या मुद्रा होत. ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांचा पाया एकच आहे. दोन्ही मते वास्तूचा दर्शनी भाग पाहून बनलेली आहेत. स्तंभ, कमानी व मनोरे यांवरून गुणगान किंवा निषेध ठरतो.

सभागृह ही वास्तू एका क्रियेसाठी असते. तेथे कोण येऊ शकतो, कोण बसतो, कोण बोलतो आणि बोललेल्याचा परिणाम काय होतो, हे प्रश्न विचारल्याशिवाय तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. मंदिराची समीक्षा गर्भगृह वगळून करता येत नाही; तशीच टाउन हॉलची समीक्षा सभा वगळून करता येणार नाही. हाच निकष येथे स्वीकारला आहे.

२. इंग्लंडमधील पार्श्वभूमी

इंग्लंडमधील जुन्या बाजारपेठांच्या गावांत खाली खांबांवर उघडा बाजार व वर सभेची खोली अशी साधी रचना अनेक ठिकाणी आढळते. एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक शहरांनी या साध्या रचनेला भव्य रूप दिले. बर्मिंगहॅमचा टाउन हॉल १८३२ मध्ये सुरू होऊन १८३४ मध्ये संगीतमहोत्सवाने खुला झाला. जोसेफ हॅन्सम व एडवर्ड वेल्च यांनी त्याला रोमन मंदिराचे रूप दिले. तो खुला झाला तेव्हा बर्मिंगहॅमला निर्वाचित नगरपालिका नव्हती. रस्ते व बाजार यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयुक्तमंडळाने ती वास्तू उभारली होती. म्हणजे वास्तू आधी आणि प्रातिनिधिक संस्था नंतर, हा क्रम खुद्द इंग्लंडमध्येही दिसतो. परंतु १८३५ च्या नगरपालिका कायद्याने जुन्या बंदिस्त नगरसंस्थांच्या जागी करदात्यांनी निवडलेल्या संस्था आणल्या आणि १८३८ मध्ये बर्मिंगहॅमला अशी संस्था मिळाली. वास्तू व संस्था यांमधील अंतर अवघे चार वर्षांचे राहिले.

मँचेस्टरचा क्रम याच्या उलट आहे. तेथे १८३८ मध्येच नगरसंस्था स्थापन झाली होती. आल्फ्रेड वॉटरहाउस याच्या आराखड्यानुसार १८६८ ते १८७७ या काळात तिने आपली नवगॉथिक वास्तू त्रिकोणी भूखंडावर उभी केली. तिच्या मोठ्या दालनातील भिंतींवर फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन याने शहराच्या इतिहासावरील बारा चित्रे रंगवली. कापसाच्या व्यापारातून आलेली संपत्ती आणि करदात्यांच्या प्रतिनिधींची इच्छा, या दोहोंचे ते दृश्यरूप होते. अर्थात हे चित्र आदर्श मानण्याचे कारण नाही. मताचा अधिकार करदात्यांपुरता होता आणि ज्यांच्या श्रमावर शहर उभे होते ते गिरणीकामगार बहुतांशी त्याबाहेर होते. तरीही सभागृह आणि त्यात बसणारी सत्ता यांचा संबंध तेथे स्पष्ट होता. हा संबंध आपल्याकडे कोणत्या स्वरूपात आला, हे आता पाहावयाचे आहे.

३. मुंबईचा टाउन हॉल : पायऱ्यांची वास्तू

मुंबईच्या टाउन हॉलचे काम १८२१ मध्ये सुरू होऊन १८३३ मध्ये पूर्ण झाले. आराखडा कर्नल थॉमस कूपर या लष्करी अभियंत्याचा. १८२५ मध्ये त्याचे निधन झाल्यानंतर इतर अभियंत्यांनी काम तडीस नेले. आरंभीचा पैसा लॉटरीतून उभारण्यात आला. तो अपुरा पडल्याने कंपनी सरकारला खर्चाचा मोठा वाटा उचलावा लागला. हा तपशील गौण नाही. बर्मिंगहॅमप्रमाणेच येथेही निर्वाचित संस्थेच्या आधी वास्तू आली, परंतु तिचा खरा आश्रयदाता सरकार होते.

वास्तूची ताकद तिच्या पश्चिमेकडील दर्शनी भागात आहे. समोर तीस पायऱ्यांचा रुंद जिना, वर आठ डोरिक स्तंभांची ओळ आणि त्यावर त्रिकोणी शिखर, अशी ही ग्रीक मंदिराच्या धर्तीची रचना आहे. डोरिक हा ग्रीक स्तंभप्रकारांतील सर्वांत साधा व जड प्रकार. नाजूक नक्षी नसल्याने पाहणाऱ्याचे लक्ष प्रमाणबद्धतेकडेच जाते. मुंबईच्या तिरप्या उन्हात स्तंभांमागील खोल सावली हाच या वास्तूचा अलंकार ठरतो. पूर्वीच्या बॉम्बे ग्रीनच्या, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेतून पाहिले असता ही प्रमाणबद्धता आजही प्रत्ययास येते. शैलीच्या निकषावर भारतातील नवअभिजात वास्तूंमध्ये तिला वरचे स्थान द्यावे लागेल.

परंतु तीस पायऱ्या चढून जाणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. उंच जोत्यावरील वास्तू पाहणाऱ्याला खाली उभे करते. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा मुंबईत याच पायऱ्यांवरून वाचला गेला. वाचणारे वर आणि ऐकणारे खाली, ही त्या प्रसंगाची रचना वास्तूनेच आधी ठरवून ठेवली होती. त्या अर्थाने ही दरबाराची वास्तू आहे. सभेत माणसे एका पातळीवर समोरासमोर बसतात. दरबारात पातळी हीच भाषा असते.

आतील इतिहासही हेच सांगतो. २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाची पहिली बैठक टाउन हॉलमध्ये झाली. त्या मंडळात जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे भारतीय सदस्य होते. पण सर्व सदस्य नियुक्त होते. येथेच स्थिरावलेल्या विद्वत्संस्थेची कथाही अशीच आहे. १८०४ मध्ये जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापन केलेली लिटररी सोसायटी पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली आणि तिचे ग्रंथालय या वास्तूत आले. भारतविद्येचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेत पहिला भारतीय सभासद, माणकजी करसेटजी, १८४० मध्ये घेतला गेला. ज्या भूमीचा अभ्यास चालू होता तिच्या रहिवाशांना दार उघडण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला.

मग मुंबईच्या नागरिकांनी सभा कोठे भरवल्या? मुंबईतील भारतीयांची पहिली महत्त्वाची राजकीय संघटना बॉम्बे असोसिएशन ही २६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे एका विद्यालयात, स्थापन झाली. नगरपालिका सुधारणेच्या १८७१ मधील चळवळीत फिरोजशहा मेहता यांचे गाजलेले व्याख्यान फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये झाले. १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. या तिन्ही वास्तूंपैकी एकीचेही नाव टाउन हॉल नव्हते. नगराची सभा मात्र तेथे भरत होती.

१८७२ च्या कायद्याने मुंबईस ६४ सदस्यांची नगरसंस्था मिळाली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावयाचे ठरले. या संस्थेने १८३३ ची वास्तू आपले घर केले नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्यानुसार तिने बोरीबंदरासमोर स्वतंत्र मुख्यालय उभारले. स्थानिक स्वराज्याचे पुरस्कर्ते लॉर्ड रिपन यांच्या हस्ते १८८४ मध्ये कोनशिला बसली आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली. म्हणजे टाउन हॉल आणि निर्वाचित सत्तेचे स्थायी घर यांमध्ये मुंबईत साठ वर्षांचे अंतर पडले. बर्मिंगहॅममध्ये वास्तू व निर्वाचित संस्था यांत चार वर्षांचे अंतर होते. मुंबईत तेच अंतर सुमारे चार दशकांचे होते आणि संस्था आल्यावरही ती त्या वास्तूत नांदली नाही.

४. कोल्हापूरचा टाउन हॉल : शैलीची उसनवारी

कोल्हापूरची वास्तू मुंबईहून सर्वस्वी भिन्न आहे. १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याच्या आराखड्यानुसार ती बांधली गेली. काळ्या दगडातील टोकदार कमानी, उतरती छपरे, वर चढणारे मनोरे आणि सभोवती बाग, अशी ही नवगॉथिक रचना. मुंबईप्रमाणे येथे माणसाला खाली उभे करणारा जिना नाही. वास्तू बागेतून सहज सामोरी येते. दख्खनचा काळा पाषाण गॉथिक रेषांना एक गांभीर्य देतो. इंग्लंडमधील फिकट दगडात त्याच रेषा हलक्या वाटल्या असत्या. स्थानिक सामग्रीने परक्या शैलीला दिलेला हा रंग हे या वास्तूचे मोठे वैशिष्ट्य आहे.

मँचेस्टरची व कोल्हापूरची वास्तू एकाच दशकातील व एकाच शैलीतील आहे, हे लक्षात घेतले की तुलना अपरिहार्य होते. मँचेस्टरची वास्तू निर्वाचित नगरसंस्थेने बांधली. कोल्हापुरात नगरपालिका १८५४ पासून होती. परंतु टाउन हॉल उभा राहिला तो संस्थानाच्या अल्पवयीन कारकिर्दीत. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. १८७१ मध्ये दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज लहान होते आणि कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. नगराच्या नावाने उभी राहिलेली ही वास्तू नगराच्या मागणीतून आली नाही. ती सुधारणेचा नमुना म्हणून आली.

शैली ही अशा प्रसंगी कशी वापरली जाते, याचे एक बोलके उदाहरण याच वर्षांतील आहे. फ्लॉरेन्समध्ये राजाराम महाराजांच्या अंत्यसंस्कारस्थळी १८७४ मध्ये जे स्मारक उभे राहिले त्यातील छत्री याच मँटने योजली. ती भारतीय धर्तीची आहे. म्हणजे एकच अभियंता एकाच सुमारास इटलीत भारतीय छत्री आणि करवीरनगरीत इंग्लिश गॉथिक सभागृह योजत होता. मृत राजाची ओळख परदेशात ‘भारतीय’ म्हणून कोरायची आणि जिवंत प्रजेपुढे मात्र ‘प्रगती’ इंग्लिश रूपात ठेवायची, असा हा विभाग आहे. याच मँटने पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यासाठी भारतीय व युरोपीय घटकांचा मेळ घातला. राजासाठी मिश्र शैली आणि नगरसभेसाठी शुद्ध इंग्लिश शैली, ही निवड केवळ अभियंत्याच्या आवडीची मानता येत नाही. सभा ही मूलतः इंग्लिश वस्तू आहे, असे गृहीत त्यामागे दिसते.

हे गृहीत वस्तुस्थितीला धरून नाही. गोतसभा, तीत होणारे महजर आणि त्यांवर पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत उमटणाऱ्या निशाण्या हा मराठी मुलखाचा जुना व्यवहार आहे. चावडी, देवळाचा सभामंडप व पार या त्याच्या जागा. अर्थात या परंपरेचे उदात्तीकरण करणेही चुकीचे ठरेल. गावातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागे. स्त्रीला तेथे आवाज नव्हता. टाउन हॉलच्या तीस पायऱ्यांवर टीका करताना चावडीची एक पायरी विसरता येत नाही. मुद्दा इतकाच की सभेची कल्पना येथे अपरिचित नव्हती आणि तिच्यातील दोष दूर करून तिला नवे रूप देण्याची संधी वास्तुरचनेने घेतली नाही.

चौथ्या शिवाजी महाराजांच्या पुढील चरित्राने या वास्तूच्या इतिहासाला एक करुण संदर्भ दिला आहे आणि तो आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. महाराजांना वेडसर ठरवून अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाविषयीची सार्वजनिक चर्चा गाजली ती पुण्याच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून. त्या लेखनाबद्दल १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ज्याच्या नावाने कारभार चालत असताना कोल्हापूरला टाउन हॉल मिळाला, त्या राजाविषयी बोलण्याची खरी जागा वृत्तपत्राचा स्तंभ ठरली. दगडी स्तंभ आणि छापील स्तंभ यांतील हा फरक एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या नागरी जीवनाचे मर्म सांगतो.

५. उपयोगांतर : लोप की परिपूर्ती?

आज या दोन्ही वास्तू सभागृहे म्हणून ओळखल्या जात नाहीत. मुंबईची वास्तू एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय म्हणून प्रसिद्ध आहे. मुंबई विद्यापीठाचे पहिले कार्यालयही याच वास्तूत होते. कोल्हापूरच्या वास्तूत वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरी येथील १९४५-४६ च्या उत्खननानंतर १९४६ मध्ये ते स्थापन झाले. रोमशी असलेल्या प्राचीन व्यापाराची साक्ष देणारी पोसायडनची कांस्यमूर्ती आणि आबालाल रहिमान यांची चित्रे तेथे पाहावयास मिळतात.

हा बदल म्हणजे मूळ हेतूचा पराभव, असे म्हणता येईल. परंतु वरील विवेचन पाहता वेगळा निष्कर्ष निघतो. मूळ हेतू पुरता सिद्ध झालाच नव्हता. ग्रंथालय आणि संग्रहालय झाल्यावरच या वास्तूंत सर्वसामान्य माणसाचा वावर वाढला. परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी आज मुंबईच्या त्याच पायऱ्यांवर वही घेऊन बसतो. ज्या पायऱ्यांवरून जाहीरनामा ऐकवला गेला, त्या पायऱ्या आता बसण्याची जागा झाल्या आहेत. वास्तूत एकही दगड न हलवता तिचा अर्थ बदलला आणि हा बदल वापरणाऱ्यांनी केला. कोल्हापुरात गॉथिक कमानीखाली ब्रह्मपुरीची माती उलगडते, तेव्हा परकी शैली स्थानिक स्मृतीचे घर होते.

तथापि या समाधानात एक धोका आहे. ग्रंथालयात माणूस एकटा वाचतो, संग्रहालयात एकटा पाहतो. सभेत माणसे एकमेकांचे ऐकतात आणि एकमेकांना उत्तर देतात. पहिल्या दोन गोष्टी मिळाल्या म्हणून तिसरीची उणीव भरून निघत नाही. ‘वारसा’ म्हणून वास्तूचे जतन करताना तिच्या नावातील ‘टाउन’ या शब्दाचे आपण काय केले, हा प्रश्न उरतोच.

६. समारोप

१९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक अधिष्ठान दिले. संस्था आहे, निर्वाचन आहे. आता जागेचा प्रश्न आहे. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावांत माणसे जमत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. मढीच्या कानिफनाथांची यात्रा आणि मोहटादेवीचा नवरात्रोत्सव हे त्याचे पुरावे आहेत. जमणे आणि विचारविनिमयासाठी बसणे यांत मात्र फरक आहे. लहान शहरांत आज जी सभागृहे बांधली जातात त्यांत उंच व्यासपीठ, सत्काराच्या खुर्च्या आणि समोर श्रोत्यांच्या रांगा अशी मांडणी सर्रास दिसते. तीस पायऱ्या गेल्या. त्यांच्या जागी चार फुटांचे व्यासपीठ आले. शैली काँक्रीटची असली तरी रचना दरबाराचीच आहे. म्हणून अशा वास्तूचा आराखडा मंजूर करताना दर्शनी भागाच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात. नगरसेवकांची सभा चालू असताना नागरिकाला बसून ऐकता येईल अशी जागा आहे काय? बोलणारा व ऐकणारा एकमेकांना समपातळीवर पाहू शकतात काय? वृद्ध, अपंग व लहान मूल कडेवर घेतलेली स्त्री तेथे सहज पोहोचू शकतात काय?

या चिकित्सेतून महाविद्यालयीन अध्यापकांसाठी निघणारा निष्कर्ष अधिक निकटचा आहे. १८५२ चे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि १८८५ ची तेजपाल पाठशाळा या शिक्षणाच्या जागा होत्या. टाउन हॉलचे काम त्यांनी केले, कारण तेथे प्रश्न विचारण्याची सवय होती आणि दार उघडण्याचा अधिकार शिक्षणसंस्थेशी जोडलेल्या माणसांच्या हाती होता. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाचे सभागृह हे त्या परंपरेचे वारस आहे. स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण यांखेरीज वर्षातून काही वेळा ते दुष्काळ, पाणीवाटप, ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर अशा प्रश्नांवरील खुल्या चर्चेसाठी उघडले गेले, तर टाउन हॉल हा शब्द आपण केवळ उसना घेतला नाही, असे म्हणता येईल. मुंबईचे डोरिक स्तंभ आणि कोल्हापूरच्या गॉथिक कमानी जपल्या पाहिजेत, यात दुमत नाही. त्या वास्तूंच्या इतिहासातून जे शिकावयाचे ते मात्र कमानींच्या आकारात सापडत नाही. ते दार कोणाच्या हाती होते आणि आत कोणाला बोलता येत होते, या प्रश्नांत सापडते.